हॉलमधलं प्रवाळ: घरी रीफ टँक मांडण्याआधी आणि मांडल्यावर

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा चहा यायच्या आत आमच्या रीफ टँकपाशी, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळलेल्या काचेच्या पेटीपाशी, जाऊन उभा राहतो आणि विचारतो, "ही झाडं खरी आहेत का?" आईने तर एकदा बोटातली पोवळ्याची अंगठी काचेला टेकवून विचारलं होतं, "म्हणजे हे ते?" दोन्ही प्रश्न मला आवडतात, कारण त्यांची नीट उत्तरं दिली की रीफ टँकचं अर्धं शास्त्र तिथेच सांगून होतं.

कोरल, म्हणजे प्रवाळ, हा प्राणी आहे. जेलीफिशचा आणि समुद्रफुलाचा (सी अ‍ॅनिमोनचा) नातलग. एकेका जीवाला पॉलिप म्हणतात: एक इवलीशी पिशवी, वर तोंड, तोंडाभोवती बोटांची झालर. असे शेकडो पॉलिप एकमेकांना चिकटून वसाहत करतात. काही जाती अंगाखाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात, ती कठीण कोरलं. बाकीची मऊच राहतात. आईच्या अंगठीतलं पोवळं म्हणजे भूमध्य समुद्रातल्या एका लाल प्रवाळाचा सांगाडा. ते अंधाऱ्या कपारीत वाढतं, त्याला उन्हाची गरज नसते. उथळ, उबदार समुद्रातल्या कोरलांचं मात्र सगळं उन्हावर चालतं. त्यांच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. कोरल त्याला आसरा आणि खत देतं, शैवाल प्रकाशात साखर तयार करतं आणि त्यातली बरीचशी कोरलला देतं. तेव्हा आईचं "हे ते?" याचं उत्तर "त्याच्या लांबच्या भावकीतलं" असं आहे.

पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक कातडीखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानाच्या वर जेमतेम एक अंश, आणि तोही काही आठवडे टिकला, तर रीफ, म्हणजे प्रवाळांच्या वसाहतींचे खडक, पांढरे पडायला लागतात. इतक्या थोडक्यावर हा जीव अडतो, कारण त्याच्या मूळ घरात पाणी फारसं बदलतच नाही. समुद्र अफाट असतो. खारेपणा, कॅल्शियम, तापमान आज जे आहे तेच उद्या असतं. आपण त्या जीवाला ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरच्या काचेच्या पेटीत ठेवतो. त्यात बसतं जेमतेम १८० लिटर पाणी, आणि एवढं पाणी एका दुपारीत पालटू शकतं. माशाला निदान इकडून तिकडे जाता येतं, कोरलला तेही नाही. म्हणून टँकमध्ये कोरल मेलं की मी दिव्याच्या किमतीआधी एकच विचारते: गेल्या आठवड्यात पाण्यात काय बदललं?

आधी कायदा

हे मी शेवटी लिहिणार नाही, कारण शेवटपर्यंत वाचायच्या आत लोक खरेदीला निघतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी कठीण कोरलं आहेत. सोबत काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे. ज्या यादीत वाघ आहे तीच ही यादी. मालवणच्या किंवा रामेश्वरच्या समुद्रातून एक तुकडा काढणं, बाळगणं किंवा विकणं गुन्हा आहे. किनाऱ्याला लागलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून घरी आणायचा नाही. शिवाय जगभरातली सगळी कठीण कोरलं सायटीस या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परदेशातून आणताना परवाना लागतो. दुकानदार "बाहेरचं आहे, टँकमध्येच वाढवलेलं आहे" म्हणाला तरी कागद मागा. कागद नसतील तर रिकाम्या हाताने परत या.

माझ्या टँकमध्ये म्हणूनच एकही कठीण कोरल नाही. मशरूम, झोअँथिड आणि लेदर कोरल या मऊ जाती त्या यादीत येत नाहीत, आणि तीनच्या तीन मला पुरतात. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांना टँकमध्ये वाढवलेल्या कठीण कोरलांचे छोटे तुकडे, म्हणजे फ्रॅग, रीतसर विकत मिळतात. खाली कॅल्शियमबद्दल जे लिहिलंय ते त्यांना जास्त उपयोगी पडेल.

कायद्यापलीकडेही एक कारण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पहिल्यांदा पाण्यात तोंड घालून पाहिलं, तेव्हा मला चित्रातल्यासारखी रंगीबेरंगी बाग दिसली नाही. दिसले ते गढूळ पाण्यातले तपकिरी, डेऱ्यासारखे गोल प्रवाळ. त्यातल्या एकावर एक पर्यटक दोन्ही पाय रोवून आराम करत होता. मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. मुंबईतही, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची कोरलं कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावावी लागली. ही कोरलं आपल्या दारात आहेत. ज्याला घरी कोरल पाळायचंय त्याने ती तिथेच राहू द्यायला हवीत.

पाणी विकत मिळत नाही, तयार करावं लागतं

"समुद्र जवळच आहे, कॅन भरून आणलं तर?" हा प्रश्न हमखास येतो. शहराजवळच्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी असतं, बंदराजवळ तेल असतं आणि पावसाळ्यात नद्यांमुळे त्याचा खारेपणा घसरतो. घरातलं मीठही चालत नाही. समुद्राच्या क्षारांपैकी वजनाने सुमारे ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड असतं, पण कोरलला उरलेले १५ टक्के हवे असतात: मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट. म्हणून रीफसाठी बनवलेलं तयार मिश्रण घ्यायचं आणि शुद्ध पाण्यात कालवायचं. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, म्हणजे १८० लिटरच्या टँकला जवळपास सात किलो. एका बादलीत पंप सोडून निदान काही तास फिरवायचं आणि मगच वापरायचं. मीठ कधीही थेट टँकमध्ये टाकायचं नाही.

शुद्ध पाणी म्हणजे काय, इथे भारतात हमखास घोळ होतो, आणि माझाही झाला. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी शुद्धच की, असं धरून मी सुरुवात केली. पण आपले घरगुती आरओ पिण्यासाठी असतात. पाण्याला चव यावी म्हणून त्यात थोडं न गाळलेलं पाणी मिसळायची सोय असते किंवा शेवटी खनिजांचं कार्ट्रिज असतं. माझ्या नळीतून ४० ते ५० टीडीएसचं पाणी येत होतं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं माप). ते ४० कशाचे आहेत हे मीटर सांगत नाही. सिलिकेट असेल, नायट्रेट असेल, पाइपातलं तांबं असेल. तीन महिने मी तपकिरी शेवाळ खरवडत बसले आणि दिव्याला दोष देत राहिले. मग आरओच्या पुढे डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचं, नळकांडं जोडलं, मीटरवर शून्य दिसलं, आणि दीड महिन्यात काच स्वच्छ राहायला लागली. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी असेल तर रेझिन फार लवकर संपतं. मीटर शून्यावरून हलला की ते बदलायचं.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. त्याला ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षारांच्या, प्रमाणित द्रावणाने महिन्यातून एकदा जुळवून घ्या. लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६.

आता माठाची गोष्ट. मातीचा माठ नागपुरात पाणी जितकं गार करतो तितकं ठाण्यात करत नाही, कारण आमच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की माठाचं पाणी उडत नाही. टँकवर लावलेला पंखा याच नियमाने चालतो. १८० लिटर पाणी एक अंशाने थंड व्हायला साधारण पाव लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी उडून जावं लागतं, म्हणजे एका लिटरमागे जवळपास तीन अंश. अर्थात खोलीतली उष्णता तेवढ्यात परत आत शिरत असते. पुण्यात, नाशकात, विदर्भात मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत दोन छोटे पंखे टँकला २७ अंशांपर्यंत सहज खाली आणतात. मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात तेच पंखे नुसते गरगरतात. इथे चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागतो, किंवा ज्या खोलीत एसी दिवसभर चालू असतो तिथे टँक ठेवावा लागतो. टँक घ्यायच्या आधी मे महिन्याचा विचार करा, कारण बजेट तिथेच मोडतं. मी २५ ते २६ अंश ठेवते. खरं तर २७ वर कायम राहिलेला टँकही चांगला चालतो. सकाळी २५ आणि दुपारी ३० हे मात्र चालत नाही.

उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. पंखा लावल्यावर रोज तीन-साडेतीन लिटर पाणी कमी होतं. तीन दिवस कुणी लक्ष दिलं नाही तर १८० चे १७० लिटर होतात आणि खारेपणा ३५ वरून ३७ वर जातो. ही तूट भरायची ती गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याने. खाऱ्या पाण्याने नाही. नवखे लोक इथे चुकतात आणि महिन्याभरात टँक खारट करून ठेवतात. रोज दोनदा हाताने भरता येतं, पण ऑटो टॉप-ऑफ नावाचं छोटं यंत्र पातळी घटली की थेंबाथेंबाने स्वतःच भरतं. पहिले जास्तीचे पैसे तुम्ही खर्च करणार असाल तर यावर करा.

विरजण

दगड, रेती, पाणी टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मासा सोडला, तर तो मासा बहुधा मरतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि थोडं नायट्रेट कोरलला चालतं. हे जिवाणू दगडाच्या छिद्रांत आणि रेतीत घर करतात, पण त्यांना वेळ लागतो. दही लावण्यासारखंच आहे हे: विरजण घालायचं, ऊब द्यायची आणि सारखं हलवून बघायचं नाही.

मी बाटलीतले जिवाणू घातले आणि त्यांना खायला अमोनियाचं द्रावण दिलं, सुमारे २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होईल इतकं. मग रोज चाचणी. एक दिवस असा येतो की २ पीपीएम अमोनिया दिला, चोवीस तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. तेव्हा टँक लागला असं समजायचं. माझ्याकडे याला पाच आठवडे लागले. चार ते सहा आठवडे धरून चला, आणि त्या काळात रिकामा टँक बघून घरातले विचारतील तर त्यांनाही सांगून ठेवा.

दगड सच्छिद्र हवेत, सिरॅमिकचे बनवलेले मिळतात. रचताना गुहा आणि मोकळ्या वाटा ठेवा, मागच्या काचेला चिकटवू नका, पाणी मागूनही फिरलं पाहिजे. किनाऱ्यावरची वाळू आणू नका.

त्यानंतर येतो तो काळ ज्यात बहुतेक लोक हार मानतात. आधी रेतीवर तपकिरी भुकटी पसरते, ते डायटम नावाचं एकपेशीय शैवाल, सिलिकेट मिळेपर्यंत राहतं आणि जातं. मग दगडावर हिरवे केस उगवतात. गोगलगायी आणि छोटे हर्मिट खेकडे ते खातात, बाकीचं हाताने उपटायचं. या वेळी घाबरून लोक औषधं ओततात, रोज पाणी बदलतात, नायट्रेट-फॉस्फेट शोषणारी भुकटी वापरून दोन्ही शून्यावर आणतात. इथे मला हात जोडून सांगावंसं वाटतं की शून्यावर आणू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट हे त्या आतल्या शैवालाचं खत आहे. दोन्ही संपले की कोरल फिकट पडतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत डायनोफ्लॅजेलेट नावाचा चिकट, बुडबुड्यांचा तपकिरी थर येतो. तो घालवणं हिरव्या केसांपेक्षा कितीतरी कठीण. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असेल तर मी काहीही करत नाही.

सांडलेलं, कुजणारं सेंद्रिय बाहेर काढायला प्रोटीन स्किमर असतो. डाळ उकळताना वर फेस येतो आणि आपण तो पळीने काढतो, तसंच. खाऱ्या पाण्यात हवेचे फार बारीक बुडबुडे सोडले की प्रथिनं त्यांना चिकटून वर चढतात आणि कपात गोळा होतात. आठवड्याने तो कप धुताना येणारा वास एकदा घेतला की हे सगळं टँकमध्ये कुजलं असतं ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही.

हे दगड, रेती आणि स्किमर एकत्र वापरायची पद्धतही माणसांनी हळूहळू शोधली. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहून सांगितलं की जिवंत दगड (जिवाणू आणि बारीक जीव वसलेले समुद्रातले दगड) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री जीव जगतात. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी जिवंत दगडांना जोरदार स्किमरची जोड दिली. आज आपण घरी जे करतो ते याच दोन्हींचं मिश्रण आहे.

प्रकाश आणि प्रवाह

हा भाग लोक सर्वात जास्त बोलतात, मी थोडक्यात उरकते. समुद्राचं पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच शोषून घेतं, निळा खोल जातो. कोरलच्या आतलं शैवाल याच निळ्यावर जगायला घडलेलं आहे, म्हणून रीफचे एलईडी निळे असतात. प्रकाशाची ताकद पार या मापात मोजतात. भर दुपारचं ऊन सुमारे २,००० पार. मऊ कोरलांना ५० ते १०० पुरतात, मांसल कठीण कोरलांना ८० ते १५०, अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण कोरलाला २०० ते ३५०. दिवसाचे आठ-नऊ तास बस्स. नवीन दिवा पूर्ण ताकदीने लावू नका, तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. जास्त उजेडाने कोरल उपाशी राहण्यापेक्षा लवकर मरतं.

प्रवाह हवा तो नळाच्या धारेसारखा सरळ नव्हे, भरती-ओहोटीसारखा इकडून तिकडे होणारा. पॉलिपची बोटं हलली पाहिजेत, मुडपली जाता कामा नयेत. यासाठी दोन वेव्हमेकर, म्हणजे लाटा उठवणारे पंप, समोरासमोर.

माझ्या टँकचा विजेचा हिशेब असा आहे: ६० वॅटचा दिवा नऊ तास, २५ वॅटचे पंप आणि १५ वॅटचा स्किमर चोवीस तास. रोजचे दीड युनिट, महिन्याचे ४५. चिलर यात धरलेला नाही, आणि तो उन्हाळ्यात बाकी सगळ्यांपेक्षा जास्त खातो.

चुन्याची निवळी

कठीण कोरल सांगाडा बांधतं तो कॅल्शियम कार्बोनेटचा, शिंपल्यासारखाच. त्याला पाण्यातून दोन गोष्टी लागतात: कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. दुसऱ्याची मोजणी अल्कलिनिटी म्हणून होते, हौशी लोक नुसतं अल्क म्हणतात, एकक डीकेएच. समुद्रात कॅल्शियम सुमारे ४२० पीपीएम, अल्क सुमारे ७ डीकेएच, मॅग्नेशियम सुमारे १,२९०. टँकमध्ये अल्क ८ ते ९ धरतात.

गंमत अशी की ही दोन्ही ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात: कॅल्शियम २० पीपीएमने घटलं की अल्क २.८ डीकेएचने घटते. आता हिशेब बघा. ४२० मधून २० गेले तर कॅल्शियमच्या शिल्लकीला धक्काही लागत नाही. पण ८ मधून २.८ गेले म्हणजे एक तृतीयांश संपलं. पगाराच्या खात्यात लाख रुपये आणि खिशात शंभर असावेत, आणि रिक्षाचे पैसे खिशातूनच द्यावे लागावेत, तसं. म्हणून नवशिक्याने एकच चाचणी करायची असेल तर ती अल्कची, आणि तीही दर वेळी दिवसाच्या त्याच वेळी. घसरलेली अल्क एका झटक्यात वर नेऊ नका, दिवसाला एक डीकेएचच्या आतच राहा. ७.५ वर कायम असलेला टँक हा आज ९ आणि परवा ७ असलेल्या टँकपेक्षा केव्हाही बरा.

भरपाईचा सर्वात जुना मार्ग आपल्याला शाळेपासून माहीत आहे: चुन्याची निवळी. फुंकर मारली की दुधाळ होणारी. जर्मन हौशी लोक तिला कालक्वासर म्हणतात, अर्थ तोच. त्यात कॅल्शियम आणि अल्क सांगाड्याला लागतात त्याच प्रमाणात असतात, म्हणून एक वाढून दुसरं मागे राहत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास, ढवळून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी रात्री थेंबथेंब सोडायची. रात्रीच, कारण अंधारात शैवाल कार्बन डायऑक्साइड घेत नाही, टँकचा पीएच उतरतो, आणि निवळी तो सावरते. तिचा स्वतःचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतली तर टँक मरतो. पानाच्या डबीतला चुना वापरू नका, त्यात आणखी काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं.

फक्त मऊ कोरलं असतील तर यातलं काहीही लागत नाही. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की मिठाच्या मिश्रणातूनच भरपाई होते. माझं रविवार सकाळचं काम एवढंच: १८ लिटर बाहेर, १८ लिटर आत, काच पुसायची, अल्क आणि खारेपणा मोजून वहीत लिहायचं. पाऊण तास.

काय पाळावं, आणि एक धोका

पहिलं कोरल मशरूम असावं. सपाट, बशीसारखं, कमी उजेडात खूश, स्वतःच दुभंगून दोनाचे चार होतं. मग झोअँथिड. सकाळी साडेदहाला दिवा निळा उजळतो तेव्हा ते बटणांसारखे मिटलेले असतात. दहाएक मिनिटांनी कडेचा एक उघडतो, मग शेजारचा, आणि अर्ध्या तासात दगडावर नाण्याएवढ्या केशरी-हिरव्या फुलांची चटई. मी कितीतरी वेळा कामाचा फोन तसाच वाजू दिला आहे.

याच झोअँथिडांबद्दल आता गंभीरपणे. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं. हवाईच्या समुद्रातल्या अशाच एका जीवातून ते १९७१ मध्ये वेगळं केलं गेलं, आणि ज्ञात विषांमध्ये ते अतिशय तीव्र विषांपैकी एक आहे. हात घालताना हातमोजे आणि चष्मा घाला. कापायचं असेल तर तोंड पाण्याच्या थेट वर नको. आणि त्यांचा दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. वाफेतून आणि तुषारांतून विष गेल्याने घरंच्या घरं इस्पितळात दाखल झाली आहेत. लहान मुलं टँकमध्ये हात घालणार नाहीत असं झाकण हवंच.

मासे कमी ठेवा. एवढ्या टँकला क्लाउनफिशची जोडी आणि आणखी दोन छोटे. क्लाउनफिश आता आपल्याकडेच पैदास केलेले मिळतात, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम झालं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारण नाही. त्यांना समुद्रफूल लागतंच असंही नाही, माझी जोडी लेदर कोरलात झोपते. निळा सर्जन मासा स्वस्तात दिसला तरी सोडून द्या, त्याला सहा फुटी टँक लागतो आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तो सोबत घेऊन येतो. त्या रोगावरचं तांब्याचं औषध कोरलांना मारतं, म्हणून प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या टाकीत महिनाभर.

वीज गेल्यावर दिवा बंद पडला तर बिघडत नाही, पण प्रवाह थांबला की प्राणवायू संपायला लागतो. एका मे महिन्यात आमच्याकडे रात्री नऊ तास वीज नव्हती. मी आणि नवऱ्याने आळीपाळीने भांड्याने पाणी उचलून फूटभर वरून ओतलं, दर दहा मिनिटांनी, पहाटेपर्यंत. सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर टाकला आणि सेलवर चालणारा हवेचा पंप घेतला.

उरला गणपतीचा प्रश्न, कारण तेव्हा पाच दिवस गावी जायचं असतं. टॉप-ऑफची बादली भरून ठेवते, दिवे टायमरवर असतात, आणि माशांच्या खाण्याच्या पाच पुड्या बांधून त्यांवर वार लिहून शेजारच्या काकूंकडे देते. पहिल्या वर्षी पुड्या नव्हत्या, डबाच दिला होता, आणि काकूंनी मायेने दिवसातून चारदा खायला घातलं. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"अगं, ती केशरी फुलं आज उघडलीच नाहीत. काही झालं असेल का?"

"काकू, उजवीकडे काचेवर आकडा आहे बघा, तो किती आहे?"

"पंचवीस पूर्णांक आठ."

"आणि पाणी हलतंय?"

"हो, तो पिवळा मासा झुलतोय की."

"मग काही करू नका. राहू द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. दोन सोडून सगळी उघडली होती.